एकवीस वायरी

केसांत गार, चिकट मलम, त्यावर चिमुकल्या वाट्या.
नुजहत मॅडमनी मोजून एकवीस वायरी लावल्या मला.
बावीस वर्षं खांबावर चढून
वायरी जोडत आलो मी,
आज अंबाजोगाईच्या दवाखान्यात मीच खांब.

'अर्थिंग कुठंय?' विचारलं.
'कपाळावर,' त्या म्हणाल्या. थट्टा नव्हती.

केजच्या फीडरवर सोपान गेला.
परमिट मीच घेतलं होतं, लाइन बंद होती.
कुणाच्या तरी जनरेटरनं ती मागून जिवंत केली.
तेव्हापासून घरातलं बटण दाबायलाही
मी धाकट्याला हाक मारतो.

'ह्या वायरी काही देत नाहीत, काका.
नुसत्या ऐकतात.'
पडद्यावर रेघा पळू लागल्या.
एका व्होल्टचे दहा लाख तुकडे, त्यातले वीस-पंचवीस.
एवढ्यावर माणूस चालतो?
एवढ्याला तर टेस्टर डोळासुद्धा उघडत नाही.

डॉक्टर म्हणाले, आत बदामाएवढी घंटा असते,
लाइन बंद असली तरी वाजत राहते कधीकधी.
म्हटलं, बदलून टाका.
'बदलत नाहीत. शिकवावं लागतं तिला.'

पहिला आठवडा टॉर्चचा सेल, मुठीत धरून.
मग शेजारच्या बेबीताईंची बेल.
मग बंद डीपीसमोर दहा मिनिटं, नुसतं उभं.
दर वेळी नाडी मोजून वहीत:
एकशेअठरा. एकशेवीस. एकशेचार.

काल रात्री धाकटा झोपला होता.
हात लुंगीला पुसला,
कोरडाच होता, तरी पुसला.

बल्ब लागला.
वहीत आकडा लिहायचा राहिला.