दोन आवृत्त्या

सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये, रात्रपाळीच्या टेबलावर
शालिकनं दोन्ही पुस्तकं ठेवली.

जुनं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, दारव्ह्याहून आणलेली.
एकतिसावं पान गहाळ; तिथला नियम
आम्हीच कधीतरी ठरवला, आता तोच खरा.
नवं जाडजूड, गुळगुळीत,
यानाच्या चित्राला अजून शाईचा वास.

जुन्यात माणूस खेळ सुरू व्हायच्या आधीच मरू शकतो.
अठराव्या वर्षी अंतराळदलात घाला, फासे टाका,
चार वर्षं निघाली तर निघाली,
नाहीतर कागद फाडा, दुसरं नाव लिहा.
नव्यात नुसती जखम होते, पेन्शन बुडते.

"मले नवंच पाह्यजे," प्रणोती म्हणाली,
"इतकं नाव शोधून काढाव, अन् दोन फाशांत खल्लास?"

कवडू गप्प.
त्यानं कागद कधीच फाडले नाहीत.
त्याच्या वहीत अकरा मेलेले कप्तान आहेत,
प्रत्येकाचं गाव लिहिलेलं: बोरी, लोही, तिवसा.
एकही ग्रहावर पोचला नाही.

बाराला शेतीचा फीडर सुरू झाला.
शालिक उठून रीडिंग लिहून आला.
लांब, अंधारात, मोटारी एकेक करत घरघरू लागल्या.

कवडूनं शर्टाला बोटं पुसली,
नव्यातली सगळी चित्रं पाहिली, सावकाश,
मग मिटून म्हणाला,
"यान याच्यातलं घेऊ बापा.
मरण आपलं जुनंच राहू दे."

प्रणोतीनं फासे मुठीत घेतले,
खुळखुळवले,
आणि खाली ठेवले.
"थांबा न. पयले चहा."