निळा

दिवसभर दुकानात मी खोकल्याची औषधं विकते,
संध्याकाळी गच्चीवर तिपाई मांडते.
कॅमेरा गोझो बेटावरच्या एका न्हाव्याचा,
लोकांची लग्नं टिपून टिपून
त्याने बटण पार गुळगुळीत केलेलं.

आधी मी रानंच टिपायची.
चुनखडीचे गडगे, गडग्यांवर चढून बसलेले निवडुंग,
फेब्रुवारीत चार दिवस हिरवं होऊन
पुन्हा पावासारखं भाजून निघणारं बेट.
मग खाडीपलीकडून व्हॅलेट्टा:
तो मोठा घुमट, त्याच्या खांद्याशी सुळका,
आणि दर वर्षी नव्याने उगवणाऱ्या क्रेन.
एकदा मोजल्या. एका चौकटीत एकोणीस.
चर्चमधल्या बायका म्हणाल्या, पुसून टाक की,
हल्ली पुसता येतं म्हणे.
नाही पुसल्या.

विस्टिन, माझा धाकटा भाऊ, पाण्याचे मीटर वाचतो.
ते पोटासाठी.
हिवाळाभर मात्र गावाबाहेरच्या खोपटात
अंगावर फक्त सुती कपडे,
खिशातली किल्लीसुद्धा दाराबाहेर ठेवून
तो कागदावर कागद चिकटवत बसतो,
संताच्या सणाचे बार वळतो.
आई त्या दिशेच्या खिडकीत वाटाणे सोलते.
सोललेले पुन्हा सोलायला घेते.

लाल सोपा, तो सांगतो. हिरवा ऐकतो.
पिवळा कुणालाही जमतो, पलीकडच्या गावालासुद्धा.
निळ्याचं तसं नाही.
तांबं जरा जास्त तापलं की रंग उडाला,
कमी तापलं की उजेडच पडत नाही.
त्या मधल्या बोटभर जागेत
माझ्या भावाने सात हिवाळे काढले.

ऑगस्ट. मूर्ती चौकात, बँडवाले घामाघूम.
मी पाण्याच्या टाकीजवळ,
वाऱ्याने हलू नये म्हणून
तिपाईला बटाट्यांची पिशवी टांगलेली.
झडप आठ सेकंद उघडी.
आठ सेकंद माणसाने काय करायचं?
मी श्वास रोखते. तशी गरज नसते.

निळा फुटला
आणि सगळ्या गच्च्या एकदम गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी विस्टिनने फोटो हातात घेतला.
पांढरा. भिंतीला मारतात तसा पांढरा.
आठ सेकंद सगळा निळा पिऊन बसले होते.
"कुठाय?" तो म्हणाला. एवढंच.

तो कधी वर बघतच नाही ना.
नळ्यांच्या रांगेत वाकलेला,
नजर वातीवर, कानांत कापसाचे बोळे.
स्वतःचं काम त्याला ठाऊक
ते पाठीवर आदळणाऱ्या आवाजाने,
मानेवर पडणाऱ्या राखेने.
बाकीचं मी बघायचं, असं ठरलेलं.
कुणी ठरवलं, आठवत नाही.

वर्षभर शिकले.
भोक बारीक करायचं, वेळ तोडायचा.
गॅरेजवाल्या नार्डूच्या वेल्डिंगवर हात बसवला,
तो म्हणाला, माझा एवढा फोटो बायकोनेही काढला नाही.

पुढच्या ऑगस्टात वारा उलटा.
आधीच्या बारांचा धूर सगळा आमच्या गच्चीवर.
कोन्चेटाचा नातू तिपाईला अडखळला,
कॅमेऱ्याने मान टाकली खाली मैदानाकडे,
मी त्याला धरायला धावले,
आणि हातातलं बटण दाबलं गेलं.

त्या चौकटीत आकाश नाही.
गडग्याचा एक तुकडा, तिरका. नळ्या.
पळणारी चार माणसं, पुसल्यासारखी.
आणि मध्ये एक जण अगदी स्पष्ट,
कारण तो हललाच नाही:
हात कमरेवर, मान वर,
गळा, सदरा, उघडं तोंड, सगळं निळं.

गावाला दाखवण्यासारखा नव्हताच.
बँड क्लबाने दुसरे नेले, चौकटी करून लावले.
हा विस्टिनने कात्रीने कापला,
आपल्या वहीत, तांब्याच्या पानाशी ठेवला.
"रंग बरोबर आलाय," म्हणाला.

आईने वही मागून घेतली.
चष्मा पुसला, पुन्हा पुसला,
बराच वेळ त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली.

"आणि तेव्हा," तिने विचारलं,
"वात कोण बघत होतं?"