एकाच दिशेची वीण

चौतीस वर्षं मी राहेच्या कारखान्यात पोलाद ओतलं.
एकेक लादी वीस टनांची.
वजनाचं भय कधी वाटलं नाही,
आणि आता निवृत्तीला दोन हिवाळे उरले असताना
गाडीवरून सहाशे चाळीस ग्रॅम उतरवायला
मोजले सहाशे वीस युरो.
हिल्का म्हणाली, रात्रीचं सॉसेज सोड,
फुकटात उतरेल.

खोकं आलं फेब्रुवारीत, उणे तेवीसमध्ये.
पोस्टातल्या पोरीने ते एका बोटावर तोललं,
रिकामंच पाठवलंय की काय, म्हणाली.
आत फोम, फोमात पुढचा मडगार्ड,
साखळीचं झाकण,
टाकीखालची दोन पाखं.
काळी. पण हलवली की
काळ्यातून तिरपी चमक सरकायची.
मी टिचकी मारली.
पोलाद घणघणतं.
हे नुसतं टक् म्हणालं,
परक्या घरात पाहुणा खोकतो तसं.

गॅरेजात हीटर लावून टॉर्स्टीला हाक मारली.
जन्मभर होड्या बांधल्या त्याने,
राळ अजून नखांच्या कडेला आहे.
भोकं जुळेनात. दोन मिलिमीटर.
मी ड्रिल उचललं, त्याने ते हातातून काढून घेतलं,
गोल कानस दिली, पाण्याचं भांडं, मास्क.
ही धूळ छातीत शिरली की भाडंसुद्धा देत नाही, म्हणाला.
तासभर घासलं.
काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

बोल्टखाली नायलॉनचे वॉशर. जोर चार न्यूटन-मीटर.
चार म्हणजे काहीच नाही.
माझं मनगट चारवर थांबायला शिकलंच नव्हतं.
पहिलाच बोल्ट,
आणखी थोडा, अगदी थोडा,
आणि केसाएवढी रेघ.

टॉर्स्टी बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, पोलाद आधी वाकतं. कुरकुरतं.
सांगूनसवरून जातं.
हे काही सांगत नाही. काल ठीक होतं,
आज दोन तुकडे.
त्याच्या भावाचं मला माहीत होतं.
मी पाना पुसत राहिलो.

रेघेला आतून कापडाची पट्टी, राळेचे चार थेंब,
रात्रभर दिव्याखाली.

मार्चमध्ये सगळं जागेवर बसलं.
हिल्का कॉफी घेऊन आली, लोकरी मोजे घालून तशीच,
मागावरची चिंध्यांची सतरंजी अर्धी टाकून.
तिने गाडीभोवती एक फेरी मारली.
मग दुसरी.

ट्विल आहे ना ही?
हो.
उजवीकडे तिरपी पुढे चढते,
डावीकडे पुढे उतरते.
ही जोडी नाही. दोन्ही एकाच बाजूने कापलीत,
कापड पालथं घालायला विसरलं कोणीतरी.

चार आठवडे मी त्या पाखांना नाक लावून बसलो होतो.
आता दुसरं काही दिसेना.

परत पाठव, म्हणाली.
टपालाचे एकशे दहा, मी म्हटलं,
आणि एका वेळी दोन्ही बाजू बघतं कोण?
माणूस एक तर इकडे उभा असतो, नाही तर तिकडे.
रिकामा कप उचलत म्हणाली,
मी फेरी मारते.

मेमध्ये रस्ते उघडले. कडेला अजून हिवाळ्याची खडी.
ती झाडून घ्यायच्या आधीच निघालो
कलायोकीकडे. उजव्या हाताला समुद्र,
शिशाच्या रंगाचा.
सहाशे चाळीस ग्रॅम जाणवले का?
एका वळणावर, कदाचित.
किंवा वारा पडला असेल.
पाठीवर तिने भरलेला थर्मास होता,
सव्वा किलोचा.

पेट्रोल पंपावर एक पोरगा उजवीकडून न्याहाळत होता.
भारी, म्हणाला, खरं कार्बन?
म्हटलं, खरं. आता इकडून ये.
बघ, काय चुकलंय?

तो गुडघ्यावर बसला. कपाळाला आठी घालून
बघतच राहिला.
मी थर्मासचं झाकण फिरवलं.
घाई नव्हती.