पत्त्याचा रकाना

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत आमचं टायपिंग सेंटर.
दोन खुर्च्या, एक प्रिंटर, खाली कराक चहावाला.
माफीची मुदत चालू होती, रांग जिन्यापर्यंत,
आणि प्रत्येक अर्जात तोच एक रकाना
जिथे माणसं अडखळायची:

पत्ता.

हवालदार भैरू रेडेकर, निवृत्त,
गडहिंग्लजच्या अलीकडचं कुठलंसं गाव.
खुर्ची दिली तरी बसले नाहीत. टाचा जुळवून उभे.
"माफी कशाची, ताई?
कंपनीनं टाळं लावलं. पासपोर्ट आत, मी भाईर.
ह्यात माझा गुन्हा कंचा?"
मी म्हटलं, काका, फॉर्मचं नाव तसं आहे इतकंच.
"मग नाव बदला," म्हणाले,
आणि वर पंख्याकडे बघत राहिले.

सात महिने ते त्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये झोपत होते
जिचा पहारा आधी त्यांनीच केला होता.
अंगाखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा,
डोक्याशी एसीचं पाणी, थेंब थेंब.
नवा वॉचमन, नेपाळी पोरगा, रात्री अकरानंतर
कॅमेऱ्याचं तोंड जरा भिंतीकडे वळवायचा.
तेवढंच त्याच्या हातात होतं. तेवढं त्यानं केलं.

सकाळी पुठ्ठ्याची घडी, कोपऱ्याला कोपरा,
जणू तपासणीला साहेब येणार आहेत.
मशिदीच्या नळावर दाढी.
बुटांना पॉलिश, आणि पॉलिश संपल्यावर
केळ्याची साल.

घर नाही असं नाही. गावाकडे आहे, दोन मजली,
गच्चीवर झेंड्यासाठी मुद्दाम बसवलेला पाइप.
"पोरगं म्हणतंय, या की.
पण 'या' म्हणायच्या आधी जरा थांबतंय.
फोनात ऐकू येतंय ते थांबणं."

मी खोली शोधायला लागले.
खांबाखांबावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या:
बेड स्पेस, फक्त मल्याळी.
बेड स्पेस, नोकरीवाली एकटी बाई.
साठीपुढचे नकोत, रात्री खोकतात.
व्हिसाचं विचारायचे, मी खरं सांगायचे, फोन बंद.
मंडळाच्या कार्यक्रमात जवानांना मानवंदना झाली होती,
मोठा पडदा, बिगुल, सगळ्यांचे डोळे ओले;
त्या अध्यक्षांना फोन केला.
म्हणाले, बघू, ईदनंतर.

शेवटी जागा निघाली यारगुल खानच्या खोलीत.
तिकडच्या फौजेतला नायब सुभेदार, आता टॅक्सी.
दंडाच्या पावत्या काढायला आमच्याकडे यायचा.
त्यानं आधी बूट बघितले, मग चेहरा.
कुठली पलटण, कुठलं साल, कुठली उंची,
दोघांनीही विचारलं नाही.
वरचा पलंग माझा, तो म्हणाला, खालचा रिकामा आहे.
भाडं?
भाड्याचं नंतर. आधी झोप.

पहिल्या चार रात्री हवालदार दाराशी, फरशीवर.
पाठ भिंतीला, नजर कडीकडे.
यारगुल रात्रपाळीहून यायचा तर दार अडलेलं,
रोज त्यांना ओलांडून आत.
पाचव्या पहाटे वाट मोकळी.
खाली पलंगावर घोरणं,
आणि पलंगाखाली बुटांची जोडी, चवडे बाहेर,
एका रेषेत.
त्यानं स्वतःच्या चपला शेजारी लावून बघितल्या.
नीट जमेनात, असं मला सांगताना हसला.

मुदतीला तीन दिवस उरले होते.
कुठलाही अर्ज आधी मराठीत खरडायची माझी सवय.
लिहिलं: द्वारा, यारगुल खान.
आणि थांबले.
इतकी वर्षं हा शब्द लिहिते आहे,
दुसऱ्याच्या नावामागे उभं राहायचा शब्द;
त्यात दार आहे
हे कधी दिसलंच नव्हतं.

कागद त्यांच्यापुढे सरकवला.
ह्या खेपेला बसले ते. खिशातून चष्मा काढला,
एका काडीला दोरा बांधलेला,
अक्षरावर बोट ठेवत शेवटापर्यंत गेले.
"चुकलंय, ताई."
काय?
"खोली सात न्हवं. सतरा."