कांकण

पदेराचा भोंपू साडेसहाला वळणावर वाजतो,
पोंक. मग खड्डा. मग पोंक पोंक.
बाबा जागेच असतात. मीही.
गेटाला पिशवी अडकवून तो पुढं जाईपर्यंत
दोघेही झोपल्याचं सोंग करतो.

पिशवीत तेच: चार पाव, एक कांकण.
कांकण आईचं.
बांगडीएवढं, कडक, चहात बुडवलं तरी दाताला भांडणारं.
पाव म्हणजे नुसता कापूस, म्हणायची,
तुम्ही खा बापलेक.

इनासला कुणी सांगितलं नाही.
म्हणजे मला वाटलं बाबा सांगतील,
बाबांना वाटलं मी.
अख्ख्या मळारला ठाऊक आहे,
धक्क्यावर मला बघून लोक हसणं आवरतात,
आणि पदेराला काय सांगायचं,
उद्यापासून कांकण नको?
असलं वाक्य तोंडात धरवत नाही.

तर कांकणं साठत गेली
पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात.
त्यात तिची रिळं असायची, सुया, एक मोडकी कात्री.
ती कुठं हलवली, मी विचारलं नाही.
सतरा झाली तेव्हा झाकण लागेना.

तीस वर्षं बाबांनी फेरीबोटीचं सुकाणू धरलं,
दिवाडी ते रायबंदर, रायबंदर ते दिवाडी.
धुक्यात काठ कुठं आहे
ते त्यांना चिखलाच्या वासावरून कळायचं.
आता स्वयंपाकघरात मिठाची बरणी सापडत नाही.
हुमणात तिरफळं घालतात मूठभर,
जीभ बधिर होते.
बरंच असतं ते.

मी वेर्ण्याच्या कारखान्यात गोळ्या मोजतो.
सवयीनं घरातही मोजून पाहिलं एकदा:
दिवसभरात बाबांची एकवीस वाक्यं,
त्यातली नऊ मांजराशी.

त्या दिवशी मावशी तिच्या हातात हिरवा चुडा चढवत होती.
मनगट सुजलेलं. एक बांगडी कट्कन गेली.
मी म्हणालो, फुटली.
मावशी माझ्यावर ओरडलीच,
फुटली म्हणू नये रे, वाढवली म्हणावं.
बाबा दाराशी उभे होते, पाठमोरे.
ऐकलं की नाही, कळलं नाही.

महिना संपला. इनास हिशेबाला थांबला,
सायकल माडाला टेकवून,
टोपलीवरचं निळं प्लास्टिक उगाच सारखं करत.
"पात्रांव, रोजचे चार पाव."
आकडा सांगितला.
बाबा म्हणाले, "आणि कांकणं?"
इनास चेन बघायला वाकला. चेनला काही झालं नव्हतं.
"ती कुंदाबायची," म्हणाला खालीच बघत,
"त्याचे कसले पैसे."

म्हणजे ठाऊक होतं त्याला.
पहिल्या सकाळपासून.

भोंपू पार देवळापलीकडं गेला
तरी बाबा गेटाशीच, सुट्टे पैसे मुठीत.
मग आत आले. चहा टाकला.
साखर जास्त झाली, पण चहा होता.
पिशवीतून आजचं कांकण काढलं, अजून कोमट,
दोन्ही हातांत धरलं, सुकाणू धरावं तसं,
आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,
वाढवतो हं.

थोरला तुकडा माझ्या बशीत
वाढला.

बराच वेळ मग घरात
फक्त चावण्याचा आवाज.