निरोपाची तालीम

स्टोक-ऑन-ट्रेंट. टाइल्सचा कारखाना. भट्टीच्या वरची खोली.
मी, आणि ग्रॅहम टनिक्लिफ, मॅनेजर,
गळपट्टीपासून कानांपर्यंत लाल.
उद्या सकाळी साडेसातला त्याला
एकसष्ट माणसांना सांगायचंय.
कसं सांगायचं ते शिकवायला
मला तासाच्या हिशेबाने बोलावलंय.

कागद लंडनहून आलाय,
वकिलांनी धुऊन, इस्त्री करून.
तो वाचतो: "दुर्दैवाने, बाजारपेठेची बदलती परिस्थिती पाहता..."
थांब, म्हणते मी. दुर्दैवाला कशाला मध्ये घेतोस?
ते काही संचालक मंडळावर नव्हतं.
त्याला हसू येतं, आणि कोरड्या घासासारखं
मध्येच अडकतं.

दुसरं वाक्य 'वुई'ने सुरू होतं.
माझ्या भाषेत, मी सांगते, ह्या एका शब्दाचे दोन आहेत.
'आपण' म्हटलं की समोरचा आत येतो.
'आम्ही' म्हटलं की त्याच्या नाकासमोर दार लागतं.
तुझं कुठलं?
तो बराच वेळ पाण्याच्या जगकडे बघत राहतो.
"पहिलं, असं मला वाटत होतं," म्हणतो,
"पण माझी नोकरी राहणार आहे."
मग 'मी' म्हण.
एवढासा शब्द, अकरा वेळा घोकला त्याने.
दर वेळी ओल्या साबणासारखा निसटायचा.

मग मी खुर्ची फिरवली आणि कामगार झाले.
ओरडले. रडले. (रडता येतं मला, धंदाच आहे.)
टेबलावर हात आपटला तर बिस्किटांची बशी उडाली.
समजूत घालू नकोस, म्हटलं.
रडणाऱ्या माणसाला आकडे सांगायचे नसतात.
मनातल्या मनात सात मोज,
आणि आहेस तिथेच उभा राहा.

निरोप म्हणजे सांगावा, आणि निरोप म्हणजे जाणंही,
हे मात्र त्याला सांगायचं राहिलं.
संध्याकाळ झाली होती,
त्याला कुत्र्याला फिरवायला न्यायचं होतं.

सकाळी माल भरायच्या जागेत सगळे उभे,
केसांवर, भुवयांवर पांढरी धूळ,
रातोरात म्हातारे झाल्यासारखे.
ग्रॅहमने कागद घडी करून खिशात घातला.
'मी' म्हणाला. नीट म्हणाला.
तेव्हा शीला ब्रिंडलीने
(कच्च्या टाइल्सच्या कडा घासते, एकतीस वर्षं)
हात वर न करता विचारलं,
"नाताळात माहीत होतं तुला?"

हा प्रश्न तालमीत नव्हता.
नाताळात लाल टोपी घालून
त्यानेच सोडतीची बक्षिसं वाटली होती.
तिला टोस्टर लागला होता.
मी सात मोजले. बारा मोजले.
पुढे मोजायचं विसरले.
"हो," तो म्हणाला.

कुणी काही फेकलं नाही.
कुणी माफही केलं नाही.
मागे येणारी फोर्कलिफ्ट पीं पीं करत होती,
कुणीतरी जाऊन ती बंद केली.
मग मागून एक जाडा आवाज:
"खाली बस, डक, पडशील."
इथे डक म्हणतात मायेने, कुणालाही,
बसमधल्या परक्यालासुद्धा.
तो बसला नाही.

फाटकापाशी शीलाने
माझ्या गळ्यातलं पाहुण्यांचं ओळखपत्र वाचलं.
नाव दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर.
"आणि तू कोण गं, ह्या सगळ्यात?"

तेरा वर्षं मी हेच शिकवते:
डोळ्यांत बघ. थोडं बोल. खरं बोल.
"वुई आर ऑल सो सॉरी,"
मी म्हटलं.

ती थांबली.
माझी भाषा येत असती
तर तिने विचारलं असतं, कुठलं.
तिने नुसते हातमोजे काढले, आधी डावा,
एकमेकांवर आपटून धूळ झटकली,
थोडी माझ्या कोटावर आली.
तेवढ्यात तिची बस आली.