सातवी पायरी

विश्रांतवाडीचा तलाव, रविवार, सकाळचे सात.
मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं,
नाकानं फुंकून बाहेर काढायचं.
सतरा वेळा. ओहोळ सर बोटांवर मोजतात.
बारा फुटांवर तळ: निळ्या फरश्या, एक निसटलेली,
कुणाची तरी केसांची क्लिप.

काठावर बाबा. मांडीवर माझा टॉवेल, घडी न मोडता.

बावीस वर्षं ज्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये होते
ते मार्चमध्ये कोकणाच्या बाजूला बुडवलं,
तेल पुसून, दारं कापून,
माशांना घर म्हणून.
बाबांसमोर बुडवलं म्हणायचं नाही.
ठेवलं म्हणायचं.

परतताना रिक्षात त्यांचं सुरू होतं.
"खाली उतरताना सातव्या पायरीला वाकायचं.
वर पाईप आहे, कपाळ फुटतं.
डावीकडचा कठडा हलतो.
बोल्ट मागवला होता, आलाच नाही."

मी मान डोलावते.
सांगत नाही, की पायरीवर माझा पाय पडणारच नाही,
मी वरून जाईन, आडवी, पालीसारखी,
आणि कठड्याला हात लावायला मनाई आहे,
त्यावर आता कालवं धरलीत.

येरवड्याच्या सिग्नलला विचारतात,
"खाली आवाज येतो का गं कसला?"
"आपल्याच श्वासाचा."

शेजारच्या टेम्पोत कोंबड्या. एकशे दहा सेकंद.
"इंजिन बंद पडलं की
आम्हालाही तेवढाच यायचा."

सिग्नल सुटतो.
"तरी सातव्या पायरीला वाक."